प्रश्न तुमचे: म्हातारा कुत्रा, गुळगुळीत फरशी आणि सोलापूरचं ऊन

या वेळच्या पत्रांत म्हाताऱ्या कुत्र्यांचीच पत्रं जास्त आली. बहुतेक पत्रांत एक वाक्य हमखास आहे: "वय झालंय, आता काय करणार?" लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशी मोठी कुत्री सात-आठ वर्षांची झाली की उतारवयाला लागतात. पामेरियनसारखी लहान कुत्री दहा-अकरापर्यंत तशी तरुणच असतात. पण वय म्हणजे काही रोगाचं नाव नव्हे. वयाच्या खात्यावर टाकलेल्या निम्म्या तक्रारींना औषध असतं, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच घरातली मांडणी बदलली की हलक्या होतात.

प्रश्न: आमचा लॅब्रेडॉर अकरा वर्षांचा, वजन 38 किलो. सकाळी उठताना मागचे पाय फाकतात. नव्या घरातल्या टाइल्सवर तर दिवसातून दोनदा पडतो. मी गुडघ्यासाठी घेते ती गोळी अर्धी करून दिली तर चालेल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: नाही. अर्धीही नको, पावही नको. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असतं. त्यानं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि किडनी जाते. पॅरासिटामॉलनं लिव्हर आणि रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात. मेलॉक्सिकॅम कुत्र्यांनाही देतात हे खरं, पण रोजची मात्रा किलोमागे 0.1 मिलिग्रॅम असते. माणसांची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची. दहा किलोच्या कुत्र्याला 15 ची गोळी घातली तर पंधरा दिवसांचं औषध एका घासात पोटात जातं.

डॉक्टरांकडे कुत्र्यांसाठीच बनवलेली कारप्रोफेन, फिरोकॉक्सिब अशी औषधं असतात. ती सुरू करण्याआधी रक्तातून लिव्हर-किडनी तपासून घ्या आणि औषध लांबलं तर तपासणी पुन्हा करा. आधी कुठे स्टेरॉइडची सुई टोचून घेतली असेल तर ते न विसरता सांगा. दोन्ही एकदम अंगात गेली की आतडं रक्तानं पाझरतं. विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट दिसली तर गोळी तिथल्या तिथे बंद करून दवाखाना गाठा.

औषधाआधीचं काम वजनाचं. 38 किलो हे बहुतेक लॅबना पाच-सात किलो जास्त आहे. एक साधी खूण आहे. स्वतःची मूठ आवळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा खंगलेला. पंजा सरळ धरून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवा. अशा लागल्या तर वजन बरोबर. तळहाताच्या गादीसारखं लागलं आणि बरगडी शोधावी लागली, तर तो जाड आहे. खाणं दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा आणि आठवड्याला तीनशे ते पाचशे ग्रॅम उतरतंय ना ते बघा. एवढं धूड उचलून घरच्या काट्यावर उभं राहणं जमायचं नाही. धान्याच्या आडतीतला मोठा वजनकाटा चालतो.

आता फरशी. टाइल घासून खडबडीत करत बसू नका. झोपण्याची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांच्यामध्ये दोन फूट रुंद पट्टा अंथरा. जुनी योगा मॅट कापली तरी चालते, खालून रबर असलेली कुठलीही चटई चालते. गोणपाट नको, टाइलवर ते कुत्र्यासकट सरकतं. सोलापुरी चादरही नुसती घातली तर तेच होतं. खाली रबराची जाळी घाला. पंजाच्या गाद्यांमधले केस गोल टोकाच्या कात्रीनं गादीच्या पातळीला कापा. नखं चालताना टक टक वाजत असतील तर ती लांब आहेत. लांब नखांनी पंजा मागे झुकतो आणि घसरण वाढते. काळ्या नखाची नस दिसत नाही, म्हणून एकावेळी दोन-तीन मिलिमीटरच कापा आणि कापलेल्या तोंडात मधोमध ओलसर काळा ठिपका दिसला की थांबा.

उठवायला आपल्याकडचा टेरी टॉवेल उत्तम. लांब टॉवेलची घडी पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढून घ्या आणि दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा. त्याचं सगळं वजन उचलू नका, तोल सांभाळण्यापुरता आधार द्या. नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब येणार नाही असं बघा. गादी चार इंची फोमची हवी. मूठ जोरात दाबून पाहा, खालची फरशी लागली तर फोम पातळ आहे आणि कोपरांना घट्टे पडणार. वर रेक्झिन, त्यावर चादर.

प्रश्न: दहा वर्षांच्या लॅबचं भुंकणं बसलंय. श्वास घेताना घर्र आवाज येतो, पाणी पिताना ठसका लागतो. उन्हाळ्यात जास्तच होतं. सर्दी आहे का? (विजापूर रोड)

उत्तर: सर्दीपेक्षा स्वरयंत्राच्या पक्षाघाताची शक्यता मोठी, आणि म्हाताऱ्या लॅबमध्ये तो नेहमी दिसतो. श्वास आत घेताना स्वरयंत्राच्या दोन झडपा बाजूला ओढल्या जायला हव्यात. त्या ओढणाऱ्या स्नायूची नस थकते आणि झडपा अर्धवट मिटलेल्याच राहतात. पुष्कळदा त्याच कुत्र्याचे मागचे पायही पुढे हळूहळू कमजोर होतात.

आपल्या गावात हा आजार जास्त धोक्याचा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला गेला की हा जोरानं धापा टाकणार. जोरानं ओढलेल्या हवेनं झडपा आणखी आत खेचल्या जातात, तिथे सूज येते, हवा अजून कमी पडते आणि ताप चढत जातो. हे चक्र अर्ध्या तासात जीव घेऊ शकतं.

म्हणून गळ्याचा पट्टा आजच काढा, छातीला बांधायचा हार्नेस घ्या. फिरणं सकाळी सहाच्या आत किंवा रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची पाठ सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्यालाही त्यावर चालवायचं नाही. कूलर कोरड्या हवेत छान काम करतो. पावसाळ्याच्या तोंडाला हवा दमट झाली की तोच कूलर खोली चिकट करतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवून नुसता पंखा बरा. कूलर लाइटवर, आणि लाइट जायची ती नेमकी दुपारी जाते. घरातली सगळ्यात थंड शहाबादी फरशी कुठली ते आधीच हेरून ठेवा.

धाप थांबेना तर अंगावर साधं नळाचं पाणी ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. गुदद्वारातलं तापमान एरवी 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 105 च्या वर गेलं तर घरीच पाणी ओतायला सुरुवात करा आणि ओल्या अंगानंच, गाडीच्या काचा उघड्या ठेवून दवाखान्यात न्या. 103 ला उतरलं की पाणी थांबवा. जीभ जांभळी दिसली तर थर्मामीटर शोधत बसू नका, निघा. एका बाजूची झडप कायमची उघडी बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया असते. तिनं श्वास मोकळा होतो, पण नंतर अन्न-पाणी फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होण्याची जोखीम जन्मभर राहते. म्हणून ती नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करावी.

प्रश्न: बारा किलोची पामेरियन, वय तेरा. रात्री दोनला उठून घरभर फिरते, भिंतीकडे तोंड करून उभी राहते. डोळे निळसर झालेत. नसबंदी केलेली नाही. (साखर पेठ)

उत्तर: डोळ्यांपासून सुरुवात करू. आठ-नऊ वर्षांनंतर भिंग घट्ट होत जातं आणि बाहुली धुरकट निळी दिसते. यात नजर बरीच शाबूत राहते. मोतीबिंदू दुधासारखा पांढरा असतो आणि तो नजर घालवतो. कापसाचा बोळा तिच्या समोरून टाकून बघा. त्याचा आवाज होत नाही, तरी मान वळली तर दिसतंय.

रात्रीची भटकंती आणि भिंतीकडे बघत उभं राहणं ही मेंदूच्या म्हातारपणाची लक्षणं असू शकतात. दार उघडताना बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं हीसुद्धा त्यातलीच खूण. पण त्याआधी पाणी मोजा. सकाळी दीड लिटर मोजून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात बादल्या, घंगाळं, पिंप उघडे असतात. त्या दिवशी ते सगळे झाका, नाहीतर हिशेब चुकतो. किलोमागे 100 मिली, म्हणजे तिच्यासाठी 1.2 लिटरच्या वर गेलं तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते त्यावरून कळतं), साखर आणि लघवीची घनता तपासून घ्या. किडनीचं दोन-तृतीयांश काम गेल्यावरच बाहेर लक्षणं दिसतात. जास्त लघवी होते म्हणून पाणी तोडू नका, त्यानं किडनी आणखी बसते.

नसबंदी नाही हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, पण आमच्या लेखी ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील आणि तहान वाढून खाणं सुटलं असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर स्राव दिसला नाही तरीही. त्याच दिवशी सोनोग्राफी करा.

हे सगळं ठीक निघालं तर रात्री एक झिरोचा दिवा लावा, फर्निचर हलवू नका आणि दिवसा तिला दोन-तीनदा उठवून थोडं फिरवा; दिवसभर झोपली की रात्री जागणारच. डॉक्टर सेलेजिलिन सुचवतील. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असेल तर तसं सांगा, ही दोन औषधं एकत्र देत नाहीत.

प्रश्न: काल सकाळी आमचा चौदा वर्षांचा गावठी कुत्रा एकदम कोसळला. मान एका बाजूला, डोळे भिरभिरतायत, उलटी. शेजारी म्हणतात पॅरालिसिस झाला, आता सोडून द्या. (अक्कलकोट रोड)

उत्तर: शेजाऱ्यांचं ऐकू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतली तोलाची यंत्रणा अचानक बिघडते. घर गरगर फिरतंय असं वाटल्यानं कुत्रा पडतो. दोन-तीन दिवसांत डोळ्यांचं भिरभिरणं कमी होतं, दोन-तीन आठवड्यांत चाल सुधारते. मान थोडी तिरकी राहिली तर राहिली. तपासून मात्र घ्या, कारण कानातला जंतुसंसर्गही असंच चित्र उभं करतो. पाय ओढत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर प्रकरण वेगळं. तोवर जिना बंद, पाणी हातानं, आणि उलटी थांबवणारं औषध डॉक्टरांकडून.

प्रश्न: दात पडल्यामुळे आम्ही दूध-भाकरीच देतो. ज्वारी आपल्या मातीतली, पौष्टिक. तरी पाठीचं हाड दिसू लागलंय. (बाळे)

उत्तर: ज्वारीबद्दल वाद नाही, पण तिच्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात लायसिन हा प्रथिनांचा गरजेचा घटक कमी. म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आपोआप झिजतात, म्हणून किडनी ठीक असेल तर त्याला प्रथिनं जास्तच लागतात. वजन उतरायला लागलंय म्हणजे आधी रक्त तपासा. सगळं ठीक निघालं तर बारा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण सहाशे कॅलरी पुरतात: शिजवलेलं बिनहाडाचं चिकन दीडशे ग्रॅम, एक मध्यम भाकरी, एक अंडं, थोडा शिजवलेला भोपळा. अंड्याचं टरफल भाजून वस्त्रगाळ पूड करा, अर्धा चमचा रोज. त्यातून कॅल्शियम मिळतं. किडनीचा आजार असेल तर ही पूड नको. भाकरी चिकनच्या गरम पाण्यात कुस्करा. त्या पाण्यात कांदा, लसूण, मसाला काही नको, कारण कांदा-लसणानं रक्तातल्या पेशी फुटतात. दूध अनेकांना पचत नाही, जुलाब होतात. ताक चालतं.

हाडं शिजवलेली कधीच नको. द्राक्षं आणि बेदाणेही नको. पंढरपूरकडच्या पाहुण्यांनी आणलेली बेदाण्याची पिशवी कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवा, मूठभर बेदाण्यांनीही किडनी बंद पडू शकते. खाल्ले असतील तर उलटी सुरू व्हायची वाट न पाहता दवाखान्यात जा.

प्रश्न: म्हाताऱ्याला सोबत म्हणून पिल्लू आणावं का? (शेळगी)

उत्तर: त्याचे सांधे दुखत असतील तर आणू नका. पिल्लू त्याच्या अंगावर उड्या मारणार, तो गुरगुरणार आणि बोलणी त्यालाच बसणार. धडधाकट असेल तर आणा, पण पिल्लाला ओलांडता येणार नाही अशी एक जागा म्हाताऱ्यासाठी राखून ठेवा आणि जेवण वेगवेगळ्या खोल्यांत द्या.

प्रश्न: आमची मुधोळ आता पळत नाही. ऐकू कमी येतं. संभाजी तलावावर नेलं तर शंभर पावलांत उभी राहते. नेण्यात काही अर्थ आहे का? (होटगी रोड)

उत्तर: ती थकून उभी राहते की हुंगायला, ते आधी बघा. नाक खाली आणि शेपूट हलत असेल तर ती थकलेली नाही, वाचतेय. कुत्र्याचे कान आणि डोळे आधी जातात, नाक बहुधा शेवटपर्यंत टिकतं. तिला अंतर नको, वेळ हवा. वीस मिनिटांत तलावाची एकच कड झाली तरी पुष्कळ. साखळी सैल ठेवा आणि दिशा तिला ठरवू द्या. तिला हाक ऐकू येत नसल्यामुळे मागून एकदम हात लावू नका; आधी पाय आपटून जमीन हलवा, मग समोर या. संक्रांतीच्या सुमाराला यात्रेच्या शोभेच्या दारूकामाला ती पूर्वी घाबरत असेल तर यंदा कदाचित घाबरणार नाही. बहिरेपणाचा तेवढा फायदा घ्यावा.

घरी हवं असेल तर एक खेळ आहे. जुनी सोलापुरी चादर सैल चुण्या करून जमिनीवर टाका आणि तिच्या रोजच्या खाण्यातलेच दहा-बारा तुकडे चुण्यांत लपवा. पहिल्या दिवशी तीन तिच्या डोळ्यांदेखत ठेवा, नाहीतर काय शोधायचं तेच तिला कळणार नाही. शोधून झालं की चादर लगेच उचला, ओशट चादरीला मुंग्या लागतात.