क्रोमचा डार्थ व्हेडर अस्सल कसा ओळखावा?

प्रश्न : लेगो या खेळण्यांच्या कंपनीच्या, ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील डार्थ व्हेडरच्या छोट्या मूर्ती मी जमवतो. चकाकत्या काळ्या क्रोमची (धातूसारख्या मुलाम्याची) मूर्ती एक विक्रेता पाकिटाविना देऊ करत आहे. ती घ्यावी का?

उत्तर : आमच्या मते घेऊ नये. लेगोने ‘स्टार वॉर्स’ मालिकेचे संच 1999मध्ये बाजारात आणले आणि त्याच वर्षीच्या 7150 क्रमांकाच्या संचात हा खलनायक प्रथम मूर्तिरूपात आला. मालिकेला दहा वर्षे झाली तेव्हा, म्हणजे 2009मध्ये, कंपनीने क्रोमच्या 10,000 मूर्ती बनवून त्या संचांच्या खोक्यांत कोणताही क्रम न ठेवता टाकल्या, त्यामुळे खोके उघडेपर्यंत आपल्या नशिबी काय आहे हे ग्राहकाला कळत नसे. (लॉटरीच म्हणा ना!)

ही मूर्ती स्वतंत्र सीलबंद पाकिटात येत असे, म्हणून न फोडलेले पाकीट हाच सर्वांत भक्कम पुरावा होय. मानेच्या खुंटीवर कोरलेले बारीक ‘लेगो’ हे नाव पाहून अनेक जण निश्चिंत होतात. पण साध्या अस्सल मूर्तीवर नंतर क्रोमचा मुलामा चढवून देणारे कारागीर असल्यामुळे त्या नावावरून प्लास्टिकची खात्री पटते, मुलाम्याची नव्हे. शिवाय हात व पाय फिरवले की सांध्यांपाशी मुलामा घासून निघतो, तेव्हा सुटी मूर्ती अस्सल असली तरी तिला सीलबंद मूर्तीचा भाव देऊ नये.