‘समेट. नांदते.’

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पोलीस ठाण्यातल्या महिला समुपदेशन केंद्रांची परिणामकारकता हा विषय, पाच वर्षांच्या फायली, आणि यश मोजायचं ते नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्यावरून. समेट झाला की यश, कोर्टात गेलं की अपयश, बाई परत आलीच नाही तर ‘माहिती उपलब्ध नाही’. मेहनत दिसते आहे. पण पाया कच्चा आहे. हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, असताना मी नेमकं हेच केलं होतं.

तालुक्याच्या एका ठाण्याच्या मागच्या खोलीत ते केंद्र होतं. नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख, अर्जदाराचं नाव, तक्रारीचं स्वरूप, केलेली कार्यवाही आणि शेवटी शेरा. त्या शेऱ्यात पानामागून पान दोन शब्द यायचे : ‘समेट. नांदते.’ मी ते मोजले, टक्केवारी काढली, तक्ता केला. गुणही चांगले पडले. वर्षभराने त्याच गावच्या बाजारात त्या फायलींतली एक बाई भेटली. तिनेच ओळखलं. मी विचारलं, “नांदतेस ना नीट?” मेथीची जुडी पिशवीत टाकत ती म्हणाली, “नांदतेय कुठं ताई, राहतेय.” आणि गर्दीत निघून गेली.

‘सुखाने नांदा’ असा आशीर्वाद आपण देतो, त्यातलं नांदणं वेगळं. नोंदवहीतलं ‘नांदते’ एवढंच सांगतं की बाई आज सासरच्या छपराखाली आहे. मी मात्र तेच सुख धरून मोजलं होतं.

माझ्या मनाला जास्त लागलं ते पुढचं. त्या बाईचा समेट झाला त्या दिवशी मी त्याच खोलीत बसले होते. सासरचे चौघे जीप करून आले होते, वडील एसटीने. गावाकडची शेवटची गाडी साडेपाचची. चार वाजल्यापासून वडील भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मुलीला परत माहेरी न्यायची त्यांची तयारी नव्हती, घरी धाकटीचं लग्न ठरत होतं. समुपदेशक ताईंनी जिल्ह्याच्या आधारगृहात फोन लावून पाहिला, जागा नव्हती. पावणेपाचला नवऱ्याने ‘यापुढे मारहाण करणार नाही’ असं लिहून दिलं, दोघांच्या सह्या झाल्या, वडील धावत स्टँडवर गेले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. माझ्या प्रबंधात यातली एक ओळ नाही, कारण माझ्या तक्त्यात घड्याळाला, धाकटीच्या लग्नाला आणि भरलेल्या आधारगृहाला रकानाच नव्हता.

म्हणून तुला पहिलं सांगणं हे की फाईल ही कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, कुणाला तरी दाखवण्यासाठी लिहिलेली असते. महिनाअखेर अहवाल जातो, त्यात ‘निकाली’ आणि ‘प्रलंबित’ असे दोन आकडे वर विचारले जातात. प्रलंबित वाढले की स्पष्टीकरण द्यावं लागतं. मानधनावर, करारावर काम करणारी बाई हा शेरा लिहिते आहे, हे मनात ठेवून तो वाच. मी तिला दोष देत नाही. तिच्या हातात त्या दिवशी काय होतं आणि काय नव्हतं, हे शोधणं म्हणजेच समाजकार्याच्या व्यवहाराचं संशोधन.

या केंद्रांचा इतिहास नीट वाच. 1972 साली विदर्भातल्या देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. चार प्राध्यापकांनी त्यावर सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. हुंडाबळींविरुद्धच्या आंदोलनांमुळे त्याच वर्षी सासरच्या छळासाठी 498 अ हे कलमही आलं. पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि त्यात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसवल्या. ज्या ठाण्याची बाईला भीती वाटते, तिथेच तिच्या बाजूचं एक माणूस बसवायचं, हा विचार त्यामागे होता. ‘संसार टिकवणारं केंद्र’ हे रूप त्याला नंतर कधी, कुठे, कसं चिकटलं, हा प्रश्न तुझ्या आराखड्यात मला दिसला नाही. तो यायला हवा.

कायदाही जवळ ठेव. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये लागू झाला. त्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कुणाच्याही नावावर असो. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनासाठी नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सामनेवाल्याला हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही. आता खोलीत बसून ऐक, ‘पण तिनं उलट उत्तर का दिलं?’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, कोण उच्चारतं आणि कार्यकर्ती त्यावर काय करते. नियम आणि खोली यांच्यातली ती फट तुला प्रश्नावलीत सापडणार नाही.

कार्यकर्त्यांचं कसबही तसंच, कुठल्याच रकान्यात न मावणारं. त्या समुपदेशक ताई नवऱ्याला हमखास रेशनकार्डाची झेरॉक्स आणायला पाठवायच्या. दुकान चौकात, जाऊन यायला वीस मिनिटं. मला वाटायचं, एवढ्या झेरॉक्स कशाला लागतात! फार उशिरा कळलं, तेवढ्या वीस मिनिटांत ती बाई पहिल्यांदा एकटी बोलायची. हवालदाराने एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवायला टाळाटाळ केली की त्या त्याच्याशी न भांडता स्वतःच अर्जाचा कागद पुढे सरकवून ‘आवक क्रमांक तेवढा टाका’ म्हणायच्या. हे ज्ञान त्यांना कुणी वर्गात दिलं नव्हतं. ते लिहून काढणारं कुणीतरी हवं आहे, आणि ते तू करू शकतेस असं मला मनापासून वाटतं.

भाषेबद्दल थोडं. बाया ‘त्रास’ म्हणतात. त्या एका शब्दात टोमणे असतात, उपाशी ठेवणं असतं, आणि रात्रीची जबरदस्तीही असते. नोंदवहीत त्याचं ‘किरकोळ वाद’ होतं आणि शोधनिबंधात ‘मानसिक छळ’. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं. मुलाखती मराठीतच उतरव, तिचे शब्द तसेच ठेव, अर्थ लावायचा तो शेजारी लाव.

आणि केंद्रापर्यंत पोचलेल्या बायांवरून सगळ्यांबद्दल बोलू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, आणि त्यातल्याही बहुतेकींनी आपल्याच माणसांकडे. ठाण्याची पायरी चढलेली बाई त्या मानाने फार थोड्यांपैकी एक आहे. ती कुणाच्या आधाराने चढली, हे विचार.

एका गोष्टीत मात्र तुला हट्टाने सांगणार आहे. पाठपुराव्यासाठी फायलीतल्या नंबरवर फोन करायचा असं तू लिहिलं आहेस. तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, नाहीतर घरातल्या सामायिक फोनचा. ‘महिला केंद्रातून बोलतेय’ एवढ्या वाक्याने तिच्या घरात काय होईल, याची कल्पना कर. फोन नको. केंद्रातल्या ताईंकरवी निरोप जाऊ दे, यायचं की नाही ते तिला ठरवू दे. संमतीपत्रावर सही ठाण्याच्या आवारात घेऊ नकोस. तिथे तिने आधीच कितीतरी कागदांवर सह्या केलेल्या असतात, आणखी एक करायला ती नाही म्हणणार नाही. नाव बदललं म्हणजे झालं असंही समजू नकोस. तालुक्यात गाव, जात आणि नवऱ्याचा धंदा एवढं लिहिलं तरी लोक घर ओळखतात.

आराखडा पुन्हा लिही, घाई नाही. त्याआधी तीन दिवस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून ये. वही काढू नकोस. कोण कुणाबरोबर येतं, कुणाच्या हातात पिशवी असते, पाणी कुठे मिळतं, आत बोलावल्यावर पहिल्यांदा कोण उठतं, एवढं बघ. आणि परत निघताना स्टँडवर जाऊन शेवटच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आण. पहिल्या प्रकरणाबद्दल त्यानंतर बोलू.

तुझी,
ताई