साकडं घालायचं की नवस बोलायचा?

‘देवाला साकडं घालणं आणि नवस बोलणं एकच ना? आणि साकडं म्हणजे नेमकं काय?’ असा प्रश्न आलाय.

साकडं हे ‘संकट’चंच घरात वापरून गुळगुळीत झालेलं रूप. मधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, जसा कटूचा कडू, घोटकाचा घोडा. जुन्या पुस्तकांत ते ‘सांकडें’ असं दोन टिंबांसकट भेटतं. १९६२ च्या लेखननियमांनी टिंबं उडवली. संस्कृतात संकट म्हणजे आधी अरुंद, दाटीचं. हिंदीतला ‘सँकरा’ त्याच कुळातला. आपली ‘अडचण’ तरी काय वेगळी आहे? ‘माळ्यावर फार अडचण झालीय’ म्हणजे जागा नाही आणि ‘जरा अडचणीत आहे’ म्हणजे बहुधा पैसे नाहीत!

तर साकडं घालायचं म्हणजे आपली कोंडी देवापुढे नेऊन ठेवायची. नवसात ‘तर’ असतो: पोरगी पास झाली तर पेढे. म्हणून तो बोलतात आणि फेडतात. (सोलापुरातल्या कन्नड घरांत त्याला ‘हरके’ म्हणतात.) साकडं फेडल्याचं कधी ऐकलंय? लोक साकडं घालताना नवसही बोलून टाकतात हे खरं, पण शब्द दोन आहेत.

परवा सिद्धेश्वराच्या देवळात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. हातात ना नारळ, ना फुलं. पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून म्हणाली, ‘सिद्धरामा, मला काय सुचंना. तूच बघ आता.’ एवढंच, आणि मागच्याला जागा देत बाजूला झाली. ते साकडं.

‘घालणे’ हे क्रियापदही बघा. लोटांगण घालतात, गाऱ्हाणं घालतात. कोकणातलं गाऱ्हाणं मात्र चारचौघांत, खड्या आवाजात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांचं ‘होय महाराजा’. साकडं एकट्यानं, पुटपुटतसुद्धा चालतं.

आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्र्यांची महापूजा झाली की मथळा ठरलेला: ‘चांगल्या पावसासाठी विठ्ठलाला साकडे’. वापर चोख. ‘पाण्यासाठी पालकमंत्र्यांना साकडे’ हेही छापून येतं. चूक म्हणणार नाही, पण मी तिथं ‘निवेदन’ लिहितो. त्याची सही-शिक्क्यानिशी पोच मिळते.