टॅग वाचला गेला नाही आणि लायसन्स नाक्यावर राहिले

यावल तालुक्यातले एक वाचक लिहितात: केळी भरलेली पिकअप घेऊन ते जळगावहून धुळ्याकडे निघाले होते. महामार्गावरच्या एका टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेला नाही. रोखीने दुप्पट मागितले, तेवढे खिशात नव्हते. फोनवरून भरावे तर रेंज मिळेना. शेवटी कर्मचाऱ्याने लायसन्स ठेवून घेतले आणि गाडी सोडली. त्याला तीन महिने झाले. गुन्हा दाखल होईल का, लायसन्स कसे मिळवायचे, भरपाई मागता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. अशी पत्रे वरचेवर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, टॅगमध्ये ‘बहुतेक पैसे होते’ असे तुम्ही म्हणता. ‘बहुतेक’वर दावा उभा राहत नाही. गाडी यंत्राखाली आली त्या मिनिटाला टॅग चालू होता का आणि शिल्लक पुरेशी होती का, एवढ्यावरच तुमचे प्रकरण ठरते. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, 2008 मध्ये 2018 साली एक तरतूद आली. टॅग वैध व चालू असेल, शिल्लक पुरेशी असेल आणि नाक्याचेच यंत्र बिघडल्यामुळे पैसे कापता आले नाहीत, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. लळिंगचा टोलनाका असो की नशिराबादचा, नियम एकच. उलट टॅग बंद असेल किंवा शिल्लक नसेल, तर 15 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नियमाने रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरायचे ठरले. 100 रुपयांच्या जागी 200 किंवा 125. पहिल्या स्थितीत नाका चुकला, दुसऱ्या स्थितीत तुम्ही.

हे सिद्ध करणारा कागद टॅग देणाऱ्या बँकेकडे असतो. त्या तारखेची, त्या वेळेची टॅगची स्थिती आणि शिल्लक लेखी मागा, आजच मागा. शिल्लक कमी असल्याचे मेसेज आले होते, हे तुम्हीच लिहिले आहे. ते न वाचता पुसून टाकले, याला काय म्हणावे? त्याच वेळी 1033 या राष्ट्रीय महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन केला असता तर तक्रारीची नोंद तरी हाती राहिली असती. नाक्यावरचे कॅमेऱ्याचे चित्रण तीन महिन्यांनी शिल्लक असेल, याची आशा मी धरणार नाही.

पैसे नव्हते म्हणून कोणी चोर ठरत नाही. दांडी तोडून पळाला असता तर गोष्ट वेगळी होती. तुमच्यावर गुन्हा दाखल होईल असे मला वाटत नाही. मात्र रक्कम थकीत दिसत असण्याची शक्यता आहे. 2026 मध्ये मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार थकीत टोल असताना फिटनेस प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि गाडी विकतानाचे ना-हरकत प्रमाणपत्र अडते. तुमची गाडी मालवाहू आहे, फिटनेस चुकत नाही. तेव्हा थकबाकी आधी तपासा.

आता लायसन्स. पैसे न भरणाऱ्याची गाडी नाका पुढे जाऊ देणार नाही, हे खरे. पण लायसन्स जप्त करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 ने पोलिसांना किंवा शासनाने अधिकार दिलेल्या व्यक्तीला आहे. टोलवरच्या कर्मचाऱ्याने ते तारण म्हणून ठेवणे बेकायदा आहे. नाक्याच्या व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना पाठवा, पोच घ्या. ‘हरवले’ अशी खोटी तक्रार देऊन दुय्यम प्रत काढण्याचा विचार सोडा. ते कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि खोटे प्रतिज्ञापत्र तुम्हालाच अडकवील. तोवर डिजिलॉकरमधले लायसन्स दाखवा, ते चालते.

भरपाईबद्दल हात राखून सांगतो. टॅग चालू असूनही बँकेच्या चुकीने बंद दाखवला गेला असेल, तर ग्राहक आयोगात जाता येईल. मुदत दोन वर्षांची, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कायदा म्हणतो, शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणूस केळी सोडून जळगावच्या फेऱ्या मारत बसतो. म्हणून आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. बँकेच्या कागदावर शिल्लक अपुरी निघाली, तर दावा सोडा, थकबाकी भरा आणि लायसन्स घेऊन या.