वाचकांचे प्रश्न : ‘फारच भावलं’च्या पुढे काय?

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा दहा-बारा जणांचा वाचनकट्टा महिन्यातून एकदा बसतो. ‘मनावर ठसा उमटवणारं पुस्तक’ हा विषय ठेवला की जो तो गोष्टच सांगत सुटतो आणि ‘फारच भावलं’ म्हणून खाली बसतो. यावर काय उपाय?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : बहुतेक जण टिपण काढतात ते कट्ट्याच्या आदल्या रात्री. तोवर डोक्यात शेवटची तीस-चाळीस पानंच ताजी असतात. आधीच्या दोनशे पानांत कुठे थबकलो, कुठे चिडलो, ते पुसलं गेलेलं असतं. मग उरतं ते कथानक आणि विशेषणं. म्हणून टिपण वाचता वाचताच व्हायला हवं.

साधी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा, पान क्रमांकासह, पण तीन ओळींच्या वर नाही. उजव्या पानावर तारीख टाकून त्या क्षणी मनात आलेलं: शंका, राग, ‘हे पटत नाही’, काहीही. खालचं अर्धं पान कोरं ठेवा. पुस्तक संपल्यावर महिन्याभराने, पुस्तक न उघडता आणि वरचं न वाचता, काय आठवतंय ते त्या कोऱ्या जागेत लिहा. मग वर नजर टाका. जे तेव्हा महत्त्वाचं वाटलं होतं ते विसरलेलं असतं आणि ज्याची नोंदही केली नव्हती ते डोक्यात घर करून बसलेलं असतं. कट्ट्यावर बोलायचं ते याबद्दल.

वाचनालयाच्या पुस्तकात पेनाने रेघा ओढू नका. चिकट चिठ्ठ्याही नकोत. जुना कागद त्यांच्याबरोबर सोलून निघतो. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या पुरतात. मात्र एका बैठकीत पाचाहून जास्त पट्ट्या लागल्या, तर आपण निवडत नाही, नुसता साठा करतो आहोत असं समजा.

कट्ट्यावर गोष्टीला तीन वाक्यं द्या, शेवट न फोडता. मग आठ-दहा ओळींचा एकच उतारा मोठ्याने वाचा. त्यानंतर, वाचण्याआधी आपण काय धरून चाललो होतो आणि त्यातलं काय आता टिकत नाही, ते सांगा. कादंबरी असेल तर गोष्ट कोण सांगतंय आणि तो काय दडवतोय ते पाहा. चरित्र किंवा वैचारिक पुस्तक असेल तर लेखकाला हे कशावरून कळलं, ते विचारा. कुठे कंटाळा आला तेही बोललं पाहिजे. एकही पान खटकलं नाही असं कोणी म्हणालं, तर पुस्तक भक्तिभावाने वाचलंय किंवा वाचलेलंच नाही. एका बैठकीला चारच वक्ते ठेवा. दहा जणांनी बोलायचं ठरवलं की शेवटच्या चौघांचं कोणी ऐकत नाही.

प्रश्न : विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’, म्हणजे 1857च्या बंडातल्या प्रवासाची त्यांनी लिहिलेली हकिकत, वाचतो आहे. घरातल्या जुन्या प्रतीतला मजकूर आणि मित्राकडचा मजकूर जुळत नाही. कोणता खरा? आणि हे इतिहास म्हणून वाचावं का?
— एक वाचक, जनकगंज, ग्वाल्हेर

उत्तर : पुस्तक पहिल्यांदा छापलं चिंतामण विनायक वैद्यांनी, 1907 साली. त्यांनी भाषा आणि मजकूर, दोन्हींत फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आवृत्ती काढली. आधी प्रस्तावना पाहून आपली प्रत कोणत्या वळणाची आहे ते ठरवा. गोडशांचा स्वतःचा आवाज हवा असेल तर दुसरी घ्या.

ग्वाल्हेरकरांना तर हे पुस्तक घरचंच. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, ही वार्ता कोकणात वरसईपर्यंत पोचते आणि दक्षिणेच्या आशेने हा भिक्षुक 1857 साली घर सोडतो, इथून सगळं सुरू होतं.

वाचताना समासात पेन्सिलीने (प्रत स्वतःची असेल तरच) ‘पा’ आणि ‘ऐ’ लिहीत जा: पाहिलेलं आणि ऐकलेलं. झाशीचा वेढा ‘पा’, कारण गोडसे तेव्हा शहरातच होते. इंग्रजांनी धर्म बुडवायला 84 कलमांची यादी काढली, हे ‘ऐ’. तसली यादी खरी मानायला आधार नाही. पण रस्त्यावरची माणसं काय खरं मानत होती, याचा तो फार मोलाचा पुरावा आहे. शिवाय सगळं लिहिलंय वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तेव्हा तारखा नि आकडे दुसरीकडे पडताळून घ्या. भीती, भूक आणि कमरेचे पैसे कसे सांभाळले, याबाबत मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

प्रश्न : मुलगी हिंदी माध्यमात नववीत आहे. लिपी येते, घरात मराठीच बोलते, तरी मराठी कादंबरी दहा पानांत सोडते.
— एक आई, मुरार

उत्तर : अवघड शब्दापाशी ती थांबते, विचारते. फसते ती ओळखीच्या शब्दांवर. शिक्षा, चेष्टा, राग, संसार हे शब्द ती शाळेतल्या हिंदी अर्थाने घेते. वाक्य चुकीचं लागतं आणि आपण चुकलो हे तिला कळतही नाही. दोन पानांनी धागा तुटतो.

रोज पंधरा मिनिटं आळीपाळीने मोठ्याने वाचा. एक पान तुम्ही, एक तिने. ‘च’ किंवा ‘ज’चा उच्चार चुकला तरी मध्ये टोकू नका. अडेल तिथे पेन्सिलीचा ठिपका, आणि शेवटी पाचच शब्द बघायचे. सुरुवातीला तुकड्यातुकड्यांचं पुस्तक बरं. ‘श्यामची आई’ 42 रात्रींत विभागलेलं आहे, एका बैठकीत एक रात्र संपते. ‘बनगरवाडी’ लहान आहे म्हणून आधी देऊ नका. त्यातली बोली तिला सुरुवातीलाच जड जाईल.

प्रश्न : पुस्तक अर्धं सोडलं तर चालतं का?
— एक वाचक, दौलतगंज

उत्तर : चालतं. फक्त वहीत पान क्रमांक आणि कारण लिहा. ‘भाषा जड’ असं कारण असेल तर वर्षाने पुन्हा काढा. ‘विषयच नको’ असेल तर परत करून टाका. वैचारिक पुस्तक सोडण्याआधी त्याचं शेवटचं प्रकरण तेवढं वाचून बघा.