कृषी सल्ला : फुलं मायंदाळ, फळ का धरेना?

या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतोय. पिकं वेगळी आहेत, दुखणं एकच : पराग नीट पडत नाही.

प्रश्न (कवठेमहांकाळ) : कलिंगडाला फुलं मायंदाळ, पण फळ थोडंच धरतंय. धरलेलं एका बाजूनं बारीक राहतंय. दुकानदार म्हणतो जीए, एनएए ही वाढीची संजीवकं आणि टॉनिक एकत्र मारा. मारू का?

मारू नका. तिन्ही एकत्र तर अजिबात नको.

सुरुवातीची फुलं नर असतात, ती गळणारच. त्याला गळ समजून दुकान गाठू नका. मादी फुलाच्या मागं बोराएवढं लव असलेलं फळ दिसतं. ते फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. तेवढ्या वेळात मधमाशीनं नर फुलातला पराग आणून टाकायचा. परागकण कुक्षीला, म्हणजे मादी फुलाच्या मधल्या चिकट टोकाला, चिकटला की त्यातून नळी फुटते आणि दोन नरपेशी घेऊन खाली बीजांडापर्यंत (ज्याचं पुढं बी होतं) उतरते. एक नरपेशी अंडपेशीशी मिळते (हेच फलन), त्याचा गर्भ होतो. दुसरीपासून त्या गर्भाचा शिधा तयार होतो. एका कणामागं एक बी, आणि वाढणारं बीच गराला फुगायला लावतं. कलिंगडाच्या कुक्षीला तीन भाग असतात. एका भागावर पराग कमी पडला की त्या बाजूचा गर मागं राहतो.

गेल्या उन्हाळ्यात असलंच एक वाकडं फळ मी बांधावर उभं चिरलं. फुगीर बाजूला टपोरं काळं बी, बारीक बाजूला पांढरं, पापुद्र्यासारखं, पोचट. फवारणी कधी करता, शेतकऱ्याला विचारलं. "सकाळी साडेआठला, वारं नसतं तेव्हा." पंपात काय? इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक, दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलेलं. माशी ज्या वेळी फुलावर बसते त्याच वेळी तिच्यावर विष! मग फळ कोण धरवणार, टॉनिक?

द्राक्षाला जीए चालतं म्हणून कलिंगडाला ओतायचं, हे तासगावकडचं बघून आलेलं खूळ. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात फलन होतं, पण बी कोवळेपणीच खुरटतं, म्हणून मणी फुगवायला बाहेरून संजीवक द्यावं लागतं. कलिंगडात ते काम बी करतं. काकडीत तर जीएनं उलट नर फुलं वाढतात. एनएएचा डोस वाढला तर फूल टिकायचं सोडून गळतं. काही फळझाडांत जादा फळं पाडून विरळ करायला हेच वापरतात. दुकानदाराला याचं काय, बाटली खपली की झालं.

आता करायचं ते. फुलोऱ्यात सकाळी फवारू नका. फवारायचंच असेल तर सूर्य कलल्यावर, फुलं मिटल्यावर, आणि इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही कीटकनाशकं फुलोरा संपेपर्यंत बंद. दोडका-दुधीवाल्यांनी मात्र फवारणीची वेळ उलटी धरायची. त्यांचं फूल सांजच्याला उमलतं, त्यामुळं संध्याकाळची फवारणी त्यांना नडते. युरिया आवरा, नाहीतर नुसता वेल माजतो. बोरॉन परागनळी वाढायला लागतं हे खरं, पण २० टक्क्यांचं लिटरला १ ग्रॅम, फुलोऱ्याआधी एकदाच. दुप्पट मारलं की पानांच्या कडा जळतात.

आणि माझं नेहमीचं तुणतुणं : मधमाशीच्या पेट्या ठेवा. एकरी दोन, मादी फुलं दिसू लागल्यावर. आधी ठेवल्या तर माशा शेजाऱ्याच्या सूर्यफुलाची वाट धरतात. सावली आणि जवळ पाणी हवं. पेटी मिळेपर्यंत सकाळी नऊच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि मादी फुलाच्या तिन्ही भागांवर हलकं फिरवा. दहा-वीस फुलांवर करून बघा, चार दिवसांत फरक कळेल.

अनुदान : खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना, निम्मा वाटा तुमचा, प्रशिक्षण घ्यावं लागतं. चौकशी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात.

प्रश्न (वाई) : स्ट्रॉबेरी वेडीवाकडी, बटणासारखी येते. जीए देऊ?

नको. स्ट्रॉबेरीवरचं प्रत्येक बारीक 'बी' हे खरं तर एकेक फळ आहे. ज्याचं फलन होतं त्याच्याभोवतीचाच गर फुगतो, बाकी जागा दाठर राहते. थंडी-धुक्यात माशी बाहेर पडत नाही, त्यात तुम्ही सकाळी पंप घेऊन उभे. आधी पंपाची वेळ बदला. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव झालं, तुमच्यापासून लांब नाही. जाऊन पेट्या कशा हाताळतात ते बघून या.

प्रश्न (खटाव) : गोड मक्याची कणसं शेंड्याला बोडकी. युरियाचा हप्ता वाढवू का?

इथं माशीचं काम नाही, वाऱ्याचं आहे. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. तुऱ्याचा, म्हणजे शेंड्यावरच्या नर फुलोऱ्याचा, पराग त्या केसावर पडून नळी त्याच्या टोकापासून तळापर्यंत उतरली तरच दाणा, आणि आपण खातो तो भाग मुख्यतः वर कलिंगडात सांगितलेला गर्भाचा शिधाच. शेंड्याकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात. त्या वेळी पाण्याचा ताण पडला किंवा ऊन तापलं तर ते कोरडेच राहतात. तुरा पडल्यावर युरिया टाकून केस ओले होत नाहीत, पाणी द्या. आणि पुढच्या खेपेला बांधाला दोनच लांब ओळी लावू नका. तेवढंच बी आठ-दहा ओळींच्या चौकोनी तुकड्यात टोका, पराग आपल्याच कणसांवर पडेल.