‘अप्रकाशित’ कन्सोल की बासनातले?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकांनी विचारलं आहे: मुलीच्या कॉलेजात व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे, फलक मराठीत करायचे आहेत. त्यातला एक विभाग गाजावाजा होऊनही विक्रीला न आलेल्या कन्सोलचा, म्हणजे घरी व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रांचा आहे. ‘अनरिलीज्ड’ला ‘अप्रकाशित’ म्हणावं की ‘अप्रदर्शित’?

माझ्या मते दोन्ही नकोत. प्रकाशन पुस्तकाचं होतं, दिवाळी अंकाचं होतं, फार तर गाण्यांच्या अल्बमचं. मिक्सर, मोबाइल, मोटारसायकल या वस्तू बाजारात येतात. ‘अप्रदर्शित’ने तर दिशाभूलच होईल. चित्रपट प्रदर्शित झाला म्हणजे थिएटरला लागला, पण वस्तू प्रदर्शित झाली म्हणजे लोकांपुढे मांडली. आणि यातले बरेच कन्सोल मांडले गेले होते! ‘फँटम’ नावाचा कन्सोल २००४ च्या ‘ई-थ्री’ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात लोकांनी हाताळला, त्यावर खेळूनही पाहिलं. विक्रीला मात्र तो आला नाही. त्याला अप्रदर्शित कसं म्हणणार?

विभागाच्या मथळ्याला ‘बाजारात न आलेले कन्सोल’ एवढं पुरे. ‘कधीही व्यावसायिकरीत्या उपलब्ध न करण्यात आलेले’ असलं काही लिहू नका, तसं मराठीत कोणी बोलत नाही.

खरी मजा पुढे, एकेका फलकावर आहे. प्रत्येक यंत्र वेगळ्या टप्प्यावर अडलं आणि त्या प्रत्येक अडण्याला आपल्याकडे वेगळं क्रियापद आहे.

सोनी आणि निन्टेन्डो मिळून सीडीवर चालणारा कन्सोल करत होते. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने आपण फिलिप्सबरोबर जात असल्याचं सांगून टाकलं. इथे दोन क्रियापदं लागतील. बोलणी ‘फिसकटली’, यंत्र ‘बासनात गेलं’. बासन म्हणजे पोथी किंवा दप्तर बांधून ठेवायचं फडकं. बासनात गुंडाळायला वस्तू आधी हातात असावी लागते, आणि बासन पुन्हा सोडताही येतं. या कन्सोलला ते नेमकं लागू पडतं, कारण त्याचा एक नमुना पुढे खरोखरच सापडला आणि २०२० मध्ये लिलावात ३ लाख ६० हजार डॉलरला गेला. सोनीने तोवर स्वतःचा प्लेस्टेशन काढून पंचवीस वर्षं उलटली होती.

सेगाच्या ‘नेपच्यून’ला मात्र बासन शोभत नाही. सेगाचाच आधीचा कन्सोल मेगा ड्राइव्ह आणि त्याला जोडायचं ३२-एक्स हे उपकरण एकाच बॉडीत बसवायचा तो बेत होता. तोवर सेगाचा नवा सॅटर्न आला आणि बेत ‘बारगळला’. प्रोटोटाइपला आपल्या उद्यमनगरात ‘सॅम्पल’ म्हणतात, आणि सॅम्पल म्हणजे चालवून, मोजून बघता येईल असा पीस. नेपच्यूनची ओळखीची आहे ती आत काहीच नसलेली रिकामी बॉडी. म्हणून त्या फलकावर ‘नमुना’ किंवा ‘सॅम्पल’ न लिहिता ‘नुसती बॉडी’ असंच लिहा.

‘इंड्रेमा’ ही कंपनी लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणारा कन्सोल काढणार होती. पैसा उभा राहिला नाही आणि २००१ मध्ये कंपनीनेच ‘गाशा गुंडाळला’. इथे कर्ता कंपनी आहे, यंत्र नाही. यंत्राने गाशा गुंडाळला असं होत नाही, हे फलक रंगवणाऱ्याला आवर्जून सांगा.

पॅनासोनिकच्या ‘एम-टू’वर मी जास्त अडलो. मूळ कंपनी मात्सुशिताने ते तंत्र थ्रीडीओ या कंपनीकडून १० कोटी डॉलरला घेतलं आणि १९९७ मध्ये कन्सोल काढायचा विचार सोडला. पण ते तंत्र वाया गेलं नाही, कोनामी कंपनीच्या आर्केड मशीनमध्ये, म्हणजे गेम पार्लरमधल्या मशीनमध्ये वापरलं गेलं. म्हणून ‘बारगळला’ म्हणणं अन्यायाचं ठरेल. ‘घराघरांत पोचला नाही’ हे सरळ आणि खरं.

आता कोल्हापूरकरांचा खास हक्क असलेला शब्द. ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तिथे ‘डबा’ कसा विसरायचा? रिळांचा डबा. मात्र ‘डब्यात राहिला’ आणि ‘डब्यात गेला’ यांत गल्लत करू नका. डब्यात राहिला तो लागलाच नाही, डब्यात गेला तो लागून पडला. अटारीने १९९१ मध्ये ‘पँथर’ सोडून दिला, तो डब्यात राहिला. त्याच्याऐवजी १९९३ मध्ये आलेला ‘जग्वार’ विकला गेला, पण चालला नाही, तो डब्यात गेला. हे दोन फलक शेजारी शेजारी लावलेत तर एका ‘राहिला’ने आणि एका ‘गेला’ने सगळी गोष्ट सांगून होईल.

‘कन्सोल’ला प्रतिशब्द शोधू नका, पुल्लिंगी ठेवा. कन्सोलमध्ये घालायच्या गेमच्या कार्ट्रिजला मात्र बिनधास्त ‘कॅसेट’ लिहा, आपल्याकडे सगळे तेच म्हणत आले आहेत.